‘वैयक्तिक कारण’ : नर्सिंगचा कोर्स सोडायला निघालेल्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण

हे प्रकरण तिच्या परवानगीने लिहितेय. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत, पण जे घडलं ते तसंच आहे. नर्सिंग, फिजिओ, मेडिकल, रेडिओग्राफी, कुठल्याही आरोग्य शाखेत शिकवणाऱ्यांना यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल.

पार्श्वभूमी

मी नर्सिंगच्या पदवी कोर्सला शिकवते आणि शिवाय वीसेक विद्यार्थ्यांची पर्सनल ट्यूटर असते, म्हणजे त्यांचे मार्क, हजेरी, रजा, रडारड सगळं आधी माझ्याकडे येतं. ही मुलगी त्यातलीच एक. मुलगी म्हणतेय खरं, पण ती २६ वर्षांची होती, बारावीनंतर काही वर्षं नोकरी करून मग कोर्सला आलेली. आजीच्या शेवटच्या आजारपणात तिने घरी सगळं केलं होतं आणि तेव्हाच ठरवलं होतं की हेच शिकायचं. पहिल्या वर्षी मार्क चांगले, वर्गात पुढे बसणारी, प्रश्न विचारून भंडावून सोडणारी. घरी आईची तब्येत तोळामासा, धाकटा भाऊ शिकतोय, त्यामुळे शनिवार-रविवार ती एका दुकानात काम करायची आणि कॉलेजला यायला दोन गाड्या बदलायच्या.

बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं म्हणून सांगते, हे कोर्स बाकी पदव्यांसारखे नसतात. युरोपीय संघाच्या नियमांत जनरल नर्सच्या शिक्षणाला किमान ४,६०० तास लागतात आणि त्यातला किमान अर्धा वेळ प्रत्यक्ष रुग्णांजवळ जावा लागतो. प्रत्येक देशाचा आकडा वेगळा असेल, पण स्वरूप बऱ्याच ठिकाणी साधारण हेच. म्हणजे अर्धा कोर्स वर्गाबाहेर होतो, अशा लोकांच्या हाताखाली ज्यांचं मुख्य काम शिकवणं नाहीच, आणि तिथे काय चाललंय हे कॉलेजला कळतं ते लॉगबुकमधल्या, म्हणजे विद्यार्थ्याच्या नोंदवहीतल्या, सह्यांवरून.

अडचण कशी समोर आली

दुसऱ्या वर्षाच्या मेडिकल वॉर्डच्या पोस्टिंगचा चौथा आठवडा चालू होता. दुपारी ती केबिनमध्ये आली, "मॅडम, एक सही हवी होती" म्हणाली आणि कोर्स सोडण्याचा फॉर्म पुढे केला. कारणाच्या रकान्यात ‘वैयक्तिक’ या चौकटीवर टिक.

खरं सांगते, माझ्या हातात पेन होतं. पाच मिनिटांत लेक्चर होतं आणि असे फॉर्म दर वर्षी येतात. मी थांबले ते तारखेमुळे. तिने खाली सही केलेली तारीख अकरा दिवसांपूर्वीची होती आणि कागद चार घड्या घालून घालून मधोमध फाटायला आला होता. ज्याचं खरंच ठरलेलं असतं तो माणूस फॉर्म अकरा दिवस बॅगेत घेऊन फिरत नाही, निदान मला तरी तसं वाटलं. म्हणून ‘का सोडतेयस’ असं न विचारता मी विचारलं की हा अकरा दिवस कुठे होता.

"रोज द्यायचा म्हणूनच निघायचे. तुमच्या दारापर्यंत यायचे आणि परत जायचे."

लेक्चर मी सहकाऱ्याला घ्यायला सांगितलं. माझ्या मते या प्रकरणातला पहिला निर्णयाचा क्षण हाच. ‘का’ विचारलं असतं तर तिने तयार ठेवलेलं उत्तर दिलं असतं, घरची परिस्थिती, प्रवास, आणि ते खोटंही नव्हतं.

त्या दीड तासात जे बाहेर आलं ते एकाखाली एक असं होतं. सगळ्यात वर औषधांच्या हिशोबाची परीक्षा. या परीक्षेत बऱ्याच ठिकाणी १०० टक्के मार्क लागतात, आमच्याकडेही लागतात, आणि ती दोनदा नापास झाली होती, तिसरा चान्स शेवटचा. त्याखाली पैसे आणि झोप. आठवड्याला पाच दिवस वॉर्ड आणि दोन दिवस दुकान म्हणजे सुट्टीचा दिवस शून्य. त्याखाली वॉर्ड. तिथे तिला कुणी नावाने हाक मारत नव्हतं, ‘ए स्टुडंट’ एवढंच. मी नंतर ड्युटीचा तक्ता काढून बघितला तर तिच्या १४ शिफ्टवर नऊ वेगवेगळ्या सिस्टरांच्या सह्या होत्या. नऊ! म्हणजे काल तिने काय केलं, कुठे अडली, हे आज सोबत असलेल्या माणसाला माहीतच नाही, रोज पहिला दिवस.

आणि सगळ्यात खाली ती रात्र.

एक म्हातारे आजोबा होते, ज्यांना ती आठवडाभर भरवत होती, पुसून घेत होती. नाइटला पहाटे चारच्या सुमारास ते गेले. सोबतच्या सिस्टरने आणि तिने मिळून त्यांची शेवटची स्वच्छता (वॉर्डमध्ये याला ‘लास्ट ऑफिस’ म्हणतात) सुरू केली, तेवढ्यात दुसऱ्या बेडवर कुणाचं तरी बिघडलं म्हणून सिस्टर धावल्या आणि उरलेलं हिने एकटीने केलं. मला सांगताना ती स्वतःच्या मनगटाकडे बघत होती. म्हणाली, पाणी फार गरम तर नाही ना म्हणून मी मनगटावर घालून बघत होते मॅडम, रोजच्यासारखं, आणि दोन-तीनदा बघितल्यावर लक्षात आलं की आता त्यांना काही लागणार नाहीये. सकाळी हँडओव्हरला, म्हणजे पुढच्या शिफ्टला पेशंटची माहिती देताना, त्यांच्याबद्दल एक वाक्य झालं. ती दोन गाड्या बदलून घरी गेली, रात्री परत ड्युटीला आली तर त्या बेडवर नवीन पेशंट. कुणी काही विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही, कारण तिला वाटलं की या सगळ्यांना काहीच होत नाहीये म्हणजे आपल्यातच कमी आहे. फॉर्मवरची तारीख दुसऱ्या दिवशीची होती.

थोडं अभ्यासाबद्दल

१९७५ मध्ये व्हिन्सेंट टिंटो या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने मांडलं की विद्यार्थी एका दिवसात सोडत नाही, ती लांबलचक प्रक्रिया असते, अभ्यासात आणि माणसांत तो किती मिसळतो यावर अवलंबून. पुढे १९८५ मध्ये बीन आणि मेट्झनर यांनी दाखवलं की वयाने मोठे, घरून ये-जा करणारे, नोकरी करणारे विद्यार्थी असतील तर कॉलेजमधल्या मैत्रीपेक्षा बाहेरची ओढाताण, म्हणजे घर, काम, पैसा, जास्त भारी पडते. तिच्या बाबतीत दोन्ही लागू. पण आरोग्य शाखेत वॉर्ड ही आणखी एक जागा असते आणि ती या दोन्हीत नीट बसत नाही. ऑस्ट्रेलियातल्या ट्रेसी लेव्हेट-जोन्स यांचं काम नेमकं यावर आहे, प्लेसमेंटमध्ये, म्हणजे वॉर्डच्या पोस्टिंगमध्ये, आपण इथले आहोत असं वाटणं किंवा न वाटणं याचा विद्यार्थ्याच्या शिकण्यावर काय परिणाम होतो. आणि इंग्लंडमध्ये २०१८ साली विद्यार्थी कोर्स सोडून जाण्यावरचा, म्हणजे गळतीवरचा, जो मोठा सरकारी अहवाल आला त्यातही दुसऱ्या वर्षातल्या मरगळीचा वेगळा उल्लेख आहे. पहिल्या वर्षाचा उत्साह संपलेला, शेवट अजून लांब, आणि वॉर्डमधल्या अपेक्षा एकदम वाढलेल्या. हे सगळं मी वाचलेलं होतं, वर्गात शिकवलेलंही होतं, आणि तरीही समोरची मुलगी मला फॉर्म हातात येईपर्यंत दिसली नव्हती.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय, सोडणं. हा मी मनापासून पर्याय म्हणूनच मांडला, घाबरवायला नाही. आपण शिक्षक लोक ‘टिकवणं’ म्हणजेच यश असं धरून चालतो, पण ज्याला हे काम करायचंच नाही त्याला ओढूनताणून पास करून रुग्णाच्या उशाशी उभं करणं हे दोघांवर अन्यायाचं आहे. प्रश्न एवढाच होता की ती नर्सिंग सोडतेय की हा वॉर्ड.

दुसरा, आहे तसं पुढे चालू. नियमाने हेच सोपं होतं, तिसरी परीक्षा नऊ दिवसांवर होती. पण त्या अवस्थेत ती बसली असती तर नापास होऊन आपोआप बाहेर गेली असती आणि कागदावर कारण ‘अभ्यासात अपयश’ असं पडलं असतं.

तिसरा, दुसऱ्या शाखेत बदली, लॅब टेक्नॉलॉजीकडे जागा होती आणि तिचे पहिल्या वर्षाचे काही विषय मोजले गेले असते. हा पर्याय ऐकल्यावर ती पहिल्यांदा ताठ बसली. "नको मॅडम, मला पेशंटपासून लांब नाही जायचं." मला वाटतं त्या वाक्यानंतर पहिल्या पर्यायाचं उत्तर आपोआप मिळालं. तिलाही ते स्वतःच्या तोंडून ऐकायला मिळालं.

चौथा, ब्रेक. माझा कल याकडेच होता आणि मी एक वर्षाचा सुचवला, कारण मला वाटलं दमलीय, विश्रांती घेऊ दे, पुढच्या बॅचबरोबर ताजी येईल. तिने साफ नकार दिला. म्हणाली, वर्षभर थांबले तर दुकानात फुल टाइम लागेन, घरात तो पैसा यायला लागेल आणि मग मी परत येणार नाही, मला माहितीय मी कशी आहे. ती बरोबर होती आणि मी चूक. परतीची तारीख नसलेला किंवा फार लांबची तारीख असलेला ब्रेक म्हणजे बऱ्याचदा सोडण्याचाच हळू रस्ता असतो. शेवटी पाच आठवडे ठरले, परत यायची तारीख त्याच दिवशी लिहून, पोस्टिंग पुन्हा पहिल्यापासून करायची आणि परीक्षा परतल्यावर तिसऱ्या आठवड्यात. त्याची किंमत होती, ती स्वतःच्या बॅचच्या सहा महिने मागे पडणार होती, हे तिला स्पष्ट सांगितलं.

काय केलं

फॉर्म मी फाडला नाही आणि सहीही केली नाही. पाकिटात घालून ड्रॉवरमध्ये ठेवला, तिला दाखवून, की हवा असेल तेव्हा माग. दार उघडं आहे हे माहीत असलं की माणूस आत थोडा निवांत बसतो.

मग त्या रात्रीच्या सिस्टरांना भेटले. मी जरा रागातच गेले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "अहो मॅडम, ती इतकी नीट करत होती, मला वाटलं हिला जमतंय, म्हणून तर मी गेले." माझा राग तिथेच उतरला. त्या रात्री दोन जणींवर पूर्ण वॉर्ड होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालात जगभरात ५९ लाख नर्स कमी असल्याचा अंदाज आहे, तो आकडा एका वॉर्डमध्ये असा दिसतो, की एक अनुभवी बाई मरण पावलेल्या माणसाजवळ विद्यार्थिनीला एकटं सोडून पळते कारण पलीकडे दुसरा जिवंत आहे. नंतर त्या दोघी आणि मी अर्धा तास बसलो. सिस्टरांनी त्यांच्या स्वतःच्या पहिल्या मृत्यूबद्दल सांगितलं, बेड कुठला होता ते त्यांना अजून आठवतं. मला विचाराल तर सगळ्यात जास्त काम या अर्ध्या तासाने केलं.

औषधांच्या हिशोबाचं वेगळंच निघालं. तिला गणित येत नाही असं मीही धरून चालले होते. समोर बसवून करायला दिलं तर ७५ मिलिग्रॅम द्यायचंय आणि अँप्यूल, म्हणजे इंजेक्शनची कुपी, २ मिलीत १०० मिलिग्रॅमचं आहे, तर १.५ मिली, तिने क्षणात सांगितलं. सलाइनचे थेंब, १००० मिली आठ तासांत, मिलीला २० थेंब, मिनिटाला साधारण ४२, बरोबर. अडत होतं ते युनिट बदलताना, तेही घड्याळ लावल्यावर. ऑर्डर १२५ मायक्रोग्रॅमची आणि गोळी ०.२५ मिलिग्रॅमची, तर तिने ०.२५ मिलिग्रॅम म्हणजे २५ मायक्रोग्रॅम धरलं आणि उत्तर लिहिलं पाच गोळ्या. खरं उत्तर अर्धी गोळी, कारण ०.२५ मिलिग्रॅम म्हणजे २५० मायक्रोग्रॅम. डिगॉक्सिनसारख्या हृदयाच्या औषधात अर्ध्याच्या जागी पाच म्हणजे काय होईल हे सांगायला नको, १०० टक्क्यांची अट त्याचसाठी आहे आणि ती सैल करावी असं मला अजिबात वाटत नाही. पण दोनदा नापास होऊनही तिचा पेपर कुणी तिला उघडून दाखवला नव्हता, फक्त निकाल कळवला होता. आम्ही रिकाम्या गोळ्यांची पाकिटं, सिरिंज, अँप्यूल टेबलावर मांडून आठवड्यातून दोनदा बसलो, आणि प्रत्येक उत्तराला एकच सवय लावली, हातात घेऊन बघ, इतक्या गोळ्या कुणी कधी एका वेळी देतं का.

इन्चार्ज सिस्टरांशी बोलून ती परतल्यावर तिला दोनच ठरावीक मेंटॉर, म्हणजे वॉर्डमध्ये सोबत राहून शिकवणाऱ्या सिस्टर, द्यायचे आणि शिफ्ट त्यांच्याबरोबरच लावायच्या असं ठरवलं. पैशाचं म्हणाल तर विद्यापीठाचा गरजू विद्यार्थ्यांसाठी एक निधी होता, तिला माहीतच नव्हता, आणि खरं म्हणजे मलाही अर्ज कसा करायचा ते शोधावं लागलं. त्यातून मिळालेल्या पैशात तिने रविवारचं काम सोडलं, शनिवारचं ठेवलं.

सगळंच जमलं असं नाही. समुपदेशकाची वेळ मिळेपर्यंत पाच आठवडे संपून गेले. तिसऱ्या वर्षाची एक सिनियर तिला जोडून दिली होती, त्या दोघी दोनदा भेटल्या आणि मग सिनियरची परीक्षा आली, ते तिथेच थांबलं.

पुढे काय झालं

ठरलेल्या तारखेच्या आदल्या दिवशी ती घरच्या कपड्यांत वॉर्डमध्ये येऊन एक चक्कर मारून गेली, मला हे इन्चार्ज सिस्टरांकडून कळलं. परीक्षेत पूर्ण मार्क मिळाले. पोस्टिंग नीट झाली, आणि मेंटॉरच्या शेरा-पानावर पहिल्यांदा तिच्या कामाबद्दल दोन पूर्ण परिच्छेद होते, नाहीतर सगळीकडे ‘समाधानकारक’ एवढाच शब्द.

पण मागे पडण्याची किंमत तिने मोजलीच. जुनी बॅच पुढे गेली, नव्या बॅचमध्ये ती वयाने आणखीच वेगळी, जेवणाच्या सुट्टीत बराच काळ एकटी. तिसऱ्या वर्षात एकदा येऊन तिने ड्रॉवरमधल्या पाकिटाची चौकशी केली होती. मी काढून टेबलावर ठेवलं. ती दहा मिनिटं दुसऱ्याच विषयावर बोलली आणि पाकीट तिथेच ठेवून गेली. सहा महिने उशिरा पदवी झाली, आज ती एका मेडिकल वॉर्डमध्येच काम करते.

परत अशी वेळ आली तर

सगळ्यात आधी माझीच चूक. आम्ही हजेरीवरून धोका ओळखतो, आणि हिची हजेरी पूर्ण होती, एक दिवस चुकला नव्हता. खूण दुसरीकडे होती. तिच्या लॉगबुकमध्ये पहिल्या वर्षी दर आठवड्याला पान-दीड पान लिहिलेलं असायचं, काय बघितलं, काय कळलं नाही, काय वाटलं. त्या रात्रीनंतरच्या नोंदीत होतं, ‘नाइट ड्युटी केली. लास्ट ऑफिस केलं. ठीक.’ त्याखाली माझी सही आहे. मी ते पान वाचून सही केली होती की न वाचता, हे मला आठवत नाही आणि त्याचंच जास्त वाईट वाटतं. आता मी लॉगबुक उलटं वाचते, आजचं पान आणि दोन महिन्यांपूर्वीचं शेजारी ठेवून, आणि लिहिणं आटलं असेल तर त्याच आठवड्यात बोलावते.

दुसरं, मृत्यूनंतरचं बोलणं त्याच शिफ्टमध्ये व्हायला हवं, पाच मिनिटं का होईना, हँडओव्हरच्या आधी. यासाठी वेगळा माणूस लागत नाही. त्या वॉर्डने आता ते सुरू केलंय. गर्दीच्या रात्री राहून जातं, पण मग सकाळची सिस्टर विचारते. आणि विद्यार्थ्यांची नावं ड्युटी बोर्डवर स्टाफच्या नावांसोबत लिहिली जातात.

तिसरं, ड्युटीचा तक्ता. नऊ मेंटॉर हा कुणी मुद्दाम केलेला प्रकार नव्हता, फक्त कुणी बघितलं नव्हतं. पोस्टिंगच्या दुसऱ्या आठवड्यात तक्त्यावरून नजर फिरवायला मला दहा मिनिटं लागतात.

आणि एक गोष्ट राहून राहून मनात येते. त्याच सत्रात पहिल्या वर्षाच्या एका मुलाचाही असाच फॉर्म आला होता. मी त्या आठवड्यात रजेवर होते, फॉर्म दोन दिवसांत सह्या होऊन पुढे गेला. त्याचं सोडणं कदाचित योग्यही असेल, सगळ्यांनी राहायलाच हवं असं नाही. पण त्याला कुणी विचारलं नाही, आणि फाइलमध्ये शोधायला गेलं तर एकच टिक सापडते, ‘वैयक्तिक’ या चौकटीवर.

ती चौकट काढून तिथे चार रिकाम्या ओळी ठेवा आणि फॉर्म देण्याआधी अर्ध्या तासाची भेट सक्तीची करा, असं मी वरिष्ठांना दोनदा लिहून पाठवलंय. भेटीचं मान्य झालं. चौकट अजून आहे, या महिन्यात तिसऱ्यांदा लिहितेय.